रिकाम्या खुर्चीसमोरचं इन्स्टॉलेशन

विंडोज एनटी ४.० बसवायचं म्हणजे आधी तीन फ्लॉपी एकामागून एक घालायच्या, मग सीडी, आणि मग पडद्यावरच्या प्रश्नांना उत्तरं देत बसायचं. डिस्कचे भाग कसे पाडायचे? टाइमझोन कोणता? मशीनचं नाव काय? यातला एकही प्रश्न अवघड नव्हता, पण ते सगळे एकदम विचारले जात नसत. बराच वेळ फाइली कॉपी होत राहायच्या, मग एक प्रश्न, की पुन्हा वाट पाहणं. घरच्या एका पीसीला हे चालून जाई. चाळीस मशीनची लॅब असली, की सिस्टिम अ‍ॅडमिनचा शनिवार-रविवार त्यातच जाई.

युनिक्सच्या जगात यावरचा अर्धा उपाय आधीच तयार होता, तोही वेगळ्याच गरजेतून. १९८०च्या दशकात हार्ड डिस्क महाग होती, म्हणून सन मायक्रोसिस्टिम्स डिस्क नसलेली वर्कस्टेशनही विकत असे. अशा मशीनला सुरू होताना स्वतःचा नेटवर्कवरचा पत्ताही ठाऊक नसे. सप्टेंबर १९८५मध्ये बिल क्रॉफ्ट आणि जॉन गिलमोर यांनी आरएफसी ९५१ या दस्तऐवजात ‘बूटपी’ मांडला. मशीनने आपल्या नेटवर्क कार्डाचा क्रमांक सांगून सगळ्या नेटवर्कला हाक द्यायची. सर्व्हरने उलट त्या मशीनचा पत्ता आणि आणायच्या फाइलचं नाव कळवायचं. फाइल आणायचं काम टीएफटीपीचं. हा प्रोटोकॉल इतका लहान ठेवला होता, की तो छोट्याशा रॉम चिपमध्ये मावावा. त्यात पासवर्ड नाही, फाइलींची यादी नाही. ५१२ बाइट पाठवायचे, पोच मिळेपर्यंत थांबायचं, मग पुढचे ५१२. हाकेला ओ देणारा सर्व्हर खरा की तोतया, हे तपासायची सोय दोन्हींत नव्हती. बंदिस्त प्रयोगशाळेत तिची कोणाला गरजही वाटली नाही.

हाक देता आली, तरी इन्स्टॉलरच्या प्रश्नांचं काय? १९९०च्या दशकात सोलारिस या आपल्या ऑपरेटिंग सिस्टिमबरोबर सनने ‘जंपस्टार्ट’ आणलं आणि दुसरा अर्धा उपाय मिळाला. एका नियम-फाइलमध्ये कोणत्या प्रकारच्या मशीनला कोणतं प्रोफाइल द्यायचं ते लिहायचं. प्रोफाइलमध्ये डिस्कची विभागणी आणि सॉफ्टवेअरची निवड. आणि आधी-नंतर चालवायच्या दोन स्क्रिप्ट. उत्तरं माणसाच्या डोक्यातून निघून फाइलीत आली. ती वाचता, तपासता, दुसऱ्याला देता येऊ लागली. अ‍ॅडमिन नोकरी सोडून गेला, तरी मशीन कसं उभं केलं होतं ते मागे उरू लागलं.

लिनक्सवाल्यांनी ही कल्पना लगेच उचलली. रेड हॅटचं ‘किकस्टार्ट’ साध्या मजकुराच्या फाइलवर चालतं. त्याच्या इन्स्टॉलरची एक सवय फार उपयोगी ठरली: हाताने इन्स्टॉलेशन केलं, तरी दिलेली उत्तरं तो किकस्टार्टच्या स्वरूपात रूट वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये ठेवून जातो. पुढच्या मशीनची उत्तरपत्रिका आयतीच तयार. जर्मनीत कलोन विद्यापीठातल्या थॉमस लांगे यांनी १९९९मध्ये डेबियन लिनक्ससाठी ‘फाय’ सुरू केलं. त्यात प्रत्येक मशीन काही ‘वर्गां’त मोडतं आणि त्या वर्गांनुसार त्याची घडण ठरते. सान दिएगोच्या सुपरकॉम्प्युटर केंद्रात २०००च्या सुमारास जन्मलेल्या ‘रॉक्स’ने आणखी पुढची उडी मारली. क्लस्टरमधल्या एखाद्या नोडच्या सेटिंगबद्दल शंका आली, तर शोधत बसायचं नाही. सरळ पुन्हा इन्स्टॉल करायचं. ज्या कामासाठी पूर्वी सुटीचे दिवस राखून ठेवत, तेच आता दुरुस्तीचा पहिला उपाय झालं.

पीसीला मात्र नेटवर्कवरून सुरू होण्यासाठी बराच काळ खास चिप किंवा निदान एक बूट फ्लॉपी लागे. इंटेलने पुढे आणलेल्या ‘पीएक्सई’ने ही अडचण मिटवली. त्याची २.१ ही आवृत्ती सप्टेंबर १९९९मध्ये आली आणि हळूहळू जवळजवळ प्रत्येक मदरबोर्डच्या बूट मेनूत नेटवर्कचा पर्याय दिसू लागला. खाली मात्र जुनाच पाया होता: बूटपीचा वारस डीएचसीपी, आणि तोच टीएफटीपी.

विंडोजच्या जगात बराच काळ वेगळा रस्ता लोकप्रिय होता. प्रश्नच टाळायचे, तयार डिस्कची हुबेहूब नक्कल मारायची. न्यूझीलंडमध्ये जन्मलेलं ‘घोस्ट’ त्यासाठी इतकं चाललं, की १९९८मध्ये सिमँटेकने ते विकत घेतलं. नकलांबरोबर मशीनची अंतर्गत ओळखही तीच राहते, म्हणून ती बदलणारी साधनं निघाली. मायक्रोसॉफ्टने विंडोज २०००च्या सर्व्हरबरोबर नेटवर्क इन्स्टॉलेशनची सेवा दिली. व्हिस्टापासून डिस्कची प्रतिमा आणि एक्सएमएल उत्तर-फाइल यांची जोडी जमली.

आता एका क्लिकवर हजारो मशीन नव्याने उभी राहू शकत होती. याचा दुसरा अर्थ मे २०१४मध्ये अटलांटाच्या एमरी विद्यापीठाला कळला. विंडोज ७ची प्रतिमा चुकून विद्यापीठातल्या सगळ्या विंडोज मशीनकडे सुटली: लॅपटॉप, डेस्कटॉप, सर्व्हर, सगळीकडे. चूक लक्षात येताच वितरण करणारा सर्व्हर बंद करायला धावाधाव झाली. तोवर त्याने स्वतःलाच फॉरमॅट मारला होता. पडद्यावर ‘नक्की ना?’ असं विचारणारा प्रश्न काढून टाकण्यासाठीच तर ही सगळी यंत्रणा उभी केली होती.

डेटा सेंटर जगभर पसरली, तेव्हा टीएफटीपीचा कमीपणाही उघडा पडला. वीस एमबीची फाइल ५१२ बाइटच्या तुकड्यांत सुमारे चाळीस हजार फेऱ्या घेते. एकाच खोलीत, फेरीला अर्धा मिलिसेकंद धरला, तर वीस सेकंदांत काम होतं. सर्व्हर दुसऱ्या खंडात असेल आणि फेरीला सेकंदाचा दहावा भाग लागत असेल, तर तासापेक्षा जास्त. तुकडा मोठा करायची सोय मूळ प्रोटोकॉलला नंतर जोडली गेली होती, पण थांबत-थांबत चालायची चाल बहुतेक ठिकाणी तीच राहिली. मूळ प्रोटोकॉल सोडता येत नव्हता, म्हणून फेसबुकने स्वतःचा टीएफटीपी सर्व्हर लिहिला आणि २०१६मध्ये तो खुला केला. २०१०मध्ये सुरू झालेल्या ‘आयपीएक्सई’ने एचटीटीपीवरून बूट करणं सोपं केलं, आणि २०१५च्या यूईएफआय २.५मध्ये ती सोय फर्मवेअरच्या प्रमाणकातच आली.

तोतया सर्व्हरचा प्रश्न तेवढा मागेच राहिला होता. जानेवारी २०२४मध्ये क्वार्क्सलॅब या फ्रेंच कंपनीच्या संशोधकांनी ‘पिक्सीफेल’ नावाने नऊ त्रुटी जाहीर केल्या. त्या सगळ्या अनेक उत्पादकांच्या फर्मवेअरचा आधार असलेल्या खुल्या कोडच्या नेटवर्क भागात होत्या. काहींच्या आधारे, ऑपरेटिंग सिस्टिम सुरू व्हायच्या आधीच, त्याच नेटवर्कवरचा हल्लेखोर मशीनमध्ये आपला कोड चालवू शकत होता. एचटीटीपीएसवरून बूट केलं, तर समोरचा सर्व्हर खरा आहे का हे तपासता येतं. त्यासाठी विश्वासाचं प्रमाणपत्र फर्मवेअरमध्ये आधीच असावं लागतं, आणि ते तिथे कोणी, कधी घालायचं हे प्रत्येक डेटा सेंटरला नवं मशीन नेटवर्कला जोडण्यापूर्वी ठरवावं लागतं.