मोडीत जाण्याआधी

स्टेनलेस स्टील घरोघर आले आणि काशाची ताटे, पितळी वेळण्या, ओगराळी, तुपाच्या तामल्या, ताटाखालच्या अडण्या माळ्यावर गेल्या. तिथून बहुतेकांची वाट मोडीकडे वळली. मोडीत भांड्याला धातूच्या वजनाचा भाव मिळतो, घडणीचा नाही. पुढे ते वितळवले जाते. म्हणून दुर्मीळ भांडे शोधायचे ते भट्टीच्या अलीकडे: नातेवाइकांच्या माळ्यांवर, मोड घेणाऱ्या दुकानांत, पुण्याच्या बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात.

त्याआधी नजर तयार व्हावी लागते. त्यासाठी पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयासारखी दुसरी जागा नाही. दिनकर केळकरांनी 1920 च्या सुमारास संग्रहाला सुरुवात केली आणि राजवाड्यांतल्या ऐवजाइतक्याच आस्थेने घरगुती भांडीही जमवली. अस्सल घडण कशी असते, हे तिथे डोळे भरून पाहता येते.

धातूची पारख महत्त्वाची. काशात साधारण 78 टक्के तांबे आणि 22 टक्के कथील असते. पितळेत तांब्याबरोबर जस्त. काशाच्या वाटीवर हलकी टिचकी मारली की नाद बराच वेळ घुमतो. मात्र कासे ठिसूळ असते, आपटले तर तडकते, आणि तडा गेलेली वाटी बद्द वाजते. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी मुळीच नसते; ते तांबे, निकेल आणि जस्त यांचे मिश्रण.

नवे भांडे काळवंडून जुने म्हणून विकण्याचा धंदाही चालतो. खरी झीज सगळीकडे सारखी नसते. काठ, बूड आणि हाताची पकड यांवर ती जास्त दिसते, तर रसायनाचा काळेपणा सर्वत्र सारखा बसतो. ठोक्यांच्या खुणा, हाताने घातलेला सांधा, टाकीने कोरलेले मालकाचे नाव किंवा लग्नाची तारीख यांवरून भांड्याचा काळ बराचसा कळतो. यंत्राने घासून चकाकी आणली तर या खुणाच पुसट होतात. चिंच किंवा लिंबू पुरेसे आहे.

तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो, म्हणून वापरण्यापूर्वी आतून कथलाची कल्हई हवीच. शंभर वर्षांहून जुने भांडे पुरावस्तू ठरू शकते, आणि 1972 च्या कायद्यानुसार पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही.