तास झाला, पण कुणाचा?

मराठीत ‘तास’ म्हणजे साठ मिनिटं, आणि घंटेपासून घंटेपर्यंतचा पिरियडही. कोरोनामुळे शाळा बंद पडल्या आणि जून 2020पासून जिल्हा परिषदेच्या शाळांत या दोन तासांची फारकत झाली.

2009चा शिक्षण हक्क कायदा हिशेबाला पक्का. पहिली ते पाचवीला वर्षाला 200 दिवस आणि 800 तास, सहावी ते आठवीला 220 दिवस आणि 1000 तास, असं त्याची अनुसूची सांगते. जुलै 2020मध्ये ऑनलाइन वर्गांसाठी केंद्राची ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यांत पहिली ते आठवीसाठी दिवसाकाठी 30 ते 45 मिनिटांच्या फार तर दोन तासिका. मुलांच्या डोळ्यांचा विचार केला, बरंच झालं. पण गुणाकार करून बघा. रोज दीड तास, 220 दिवस, एकदाही रेंज गेली नाही असं धरलं (धरायला काय जातंय!) तरी सहावी ते आठवीच्या 1000च्या जागी भरतात 330 तास. राज्यानं त्याच महिन्यात अभ्यासक्रम कमी केला तो 25 टक्के. वेळ दोन तृतीयांश गेला, धडे पाव गेले. उरलेलं ओझं गुरुजींच्या आणि मुलांच्या डोक्यावर.

‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ ही तेव्हाची घोषणा. गुरुजी सकाळी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर अभ्यासाची लिंक टाकायचे. घरातला एकुलता स्मार्टफोन बापाच्या खिशात आणि बाप रानात. ‘सर, पप्पा आल्यावर बघते.’ रात्री नऊला वहीच्या पानाचा फोटो यायचा, तिरका, बल्बच्या पिवळ्या उजेडातला. अक्षर कधी मुलीचं, कधी तिच्या ताईचं. हा तास किती मिनिटांचा धरायचा? काही गुरुजी गावात जाऊन पारावर, ओट्यावर पाच-सात पोरं गोळा करून बसले. माझ्या मते त्या वर्षीचे खरे तास तेवढेच, पण ते मांडायला रकाना नव्हता.

एप्रिल 2021मध्ये पहिली ते आठवीची मुलं परीक्षेविना ‘वर्गोन्नत’ झाली. जुलैत 45 दिवसांचा सेतू अभ्यासक्रम आला, तोही बहुतेकांना मोबाईलवरच. ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग उघडले 1 डिसेंबर 2021ला. 2020मध्ये पहिलीत नाव घातलेली पोरं वर्गात पहिल्यांदा बसली ती दुसरीच्या बाकांवर.

देशभरातली हीच तुकडी 2022मध्ये तिसरीत होती. ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या 20.5 टक्के मुलांना दुसरीचा उतारा वाचता आला. 2018मध्ये हे प्रमाण 27.3 टक्के होतं. दप्तरी मात्र या मुलांची पहिली पूर्ण झालेली आहे.