कमिटीचा हाजी, टूरचा हाजी

पातुरात कुणी व्हिसाची चौकशी करू लागलं की समोरचा आधी विचारतो, "हज का उमरा?" अमेरिकेतल्या लेकाकडे नातवंडं सांभाळायला जाणारे आई-बाप आता वऱ्हाडातही गावोगाव आहेत, आणि थायलंडला तर नोव्हेंबर २०२३पासून आपल्याला व्हिसाच लागेनासा झाला. पण शेख बाबूंच्या दर्ग्याच्या या गावातून, आखातात नोकरीला गेलेले सोडले, तर समुद्रापलीकडे माणसं जात आली ती मुख्यतः हजसाठी. त्यामुळे थेट जावं की एजंट गाठावा, हा वाद इथं पासपोर्टपेक्षाही जुना आहे. त्यातली गंमत अशी की हजचा व्हिसा हाजी स्वतः मागतच नाही. वकिलातीच्या दारात तो कधी उभा राहत नाही. त्याच्या वतीनं दुसराच कुणी मागतो. तो दुसरा सरकारी असावा की खासगी, एवढाच काय तो प्रश्न.

एकोणिसाव्या शतकात हाजी मुंबईत उतरला की दलाल त्याला गाठायचे. बोटीचं तिकीट, मुक्काम, शिधा, सगळ्यात त्यांचा हात. बोटी गच्च भरलेल्या, आणि परतीचे पैसे संपल्यामुळे जेद्द्यात अडकून पडलेले गरीब यात्रेकरू ही तर कायमची डोकेदुखी. शेवटी १८८६ साली तेव्हाच्या हिंदुस्थान सरकारनं हे काम थॉमस कुक कंपनीकडे सोपवलं. युरोपच्या सहली काढणारी तीच ही कंपनी. आगगाडी आणि बोट यांचं एकत्र तिकीट, ठरलेले दर, आणि तोटा आला तर सरकार भरून देणार, असा करार. अकोल्याला रेल्वे १८६०च्या दशकातच पोचली होती (पातूरला ती आजही नाही), म्हणजे कागदावर तरी वऱ्हाडातल्या हाजीची सोय झाली होती. पण बहुतेक हाजी जुन्याच वाटेनं, आपल्या ओळखीच्या दलालामार्फत जात राहिले आणि १८९३मध्ये कुकनं अंग काढून घेतलं. मला याचं नवल वाटत नाही. आयुष्यभराची पुंजी घेऊन निघालेला माणूस दर कमी कुणाचा हे नंतर पाहतो, ओळखीचा कोण आहे हे आधी.

पुढे १९२५च्या कायद्यानं परतीचं तिकीट किंवा तेवढी अनामत सक्तीची झाली, १९३२मध्ये बंदरावरच्या हज कमिट्या आल्या आणि १९५९मध्ये स्वतंत्र भारताचा हज कमिटी कायदा. त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेनं खास हजच्या नोटा काढल्या, दहा आणि शंभर रुपयांच्या. त्या देशात चालत नसत. त्या काळचा पातूरचा हाजी अकोल्याहून मुंबईची गाडी धरायचा, क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात पथारी पसरायचा आणि मोगल लाईनच्या बोटीची वाट पाहायचा. पासपोर्ट नव्हे, हजपुरता पास मिळायचा. १९९५मध्ये 'अकबरी' बोटीची फेरी बंद झाली आणि समुद्राची वाट संपली. त्या सगळ्या काळात एजंट म्हणजे फॉर्म भरणारा माणूस नव्हता. मुंबई पाहिलेला माणूस, हीच त्याची लायकी. तो सोबत हवा म्हणून लोक त्याला पैसे द्यायचे, आणि ते वावगंही नव्हतं.

मग मुंबईच जवळ आली. २००९च्या हजपासून सौदीनं सगळ्यांना साधा आंतरराष्ट्रीय पासपोर्ट सक्तीचा केला. सुरुवातीला त्यासाठी नागपूरच्या खेपा झाल्या. पुढे अकोल्यात पोस्टाच्या जागेतच पासपोर्टचं केंद्र आलं. पातूरहून अकोला तीसेक किलोमीटर, सकाळच्या एसटीनं जाऊन दुपारी परत. हजचा फॉर्म ऑनलाइन झाला, कोविडनंतर २०२३मध्ये नागपूरहून पुन्हा थेट विमानं सुरू झाली, २०२४मध्ये 'हज सुविधा' ॲप आलं. एजंटाची गरज इथंच संपायला हवी होती.

संपली नाही. बसस्टँडजवळच्या कुठल्याही ऑनलाइन सेंटरवर उभं राहून पाहा. म्हाताऱ्याचा पासपोर्ट काचेवर पालथा घालून स्कॅन होतो, पांढऱ्या पडद्यासमोर फोटो निघतो, नाव पासपोर्टवर एक आणि आधारवर दुसरं असतं म्हणून थोडी हुज्जत होते. सगळं रीतसर. मग मोबाईल नंबरचा रकाना येतो. म्हातारा म्हणतो, "तुह्याच टाक ना बापा, मले कुठी वाचता येते." तिथं खरा एजंट तयार होतो. कुर्ऱ्यात, म्हणजे सोडतीत, नंबर लागला, पैशाचा हप्ता भरायची तारीख आली, हे सगळे निरोप आता दुसऱ्याच्या खिशात वाजणार.

सरकारी हज कमिटीमार्फत जाणारा, म्हणजे कमिटीचा हाजी, कुर्ऱ्यावर अवलंबून. नंबर नाही लागला तर पुढल्या वर्षी पुन्हा अर्ज. खासगी कंपनीकडून जाणारा टूरचा हाजी जास्त पैसे मोजतो, पण त्याला कुर्रा नाही, हॉटेल मक्केच्या हरमजवळ, जेवण आपल्या चवीचं, आणि सोबत गावाकडची बोली बोलणारा माणूस. जानेवारी २०१८मध्ये केंद्रानं हजचं अनुदान बंद केलं (सर्वोच्च न्यायालयानं २०१२मध्येच ते दहा वर्षांत टप्प्याटप्प्यानं संपवायला सांगितलं होतं), तेव्हा दोन्ही वाटांतलं अंतर काहींना तेवढं मोठं वाटेना. "पैसे गेले तरी चालतील, नंबर पक्का पाहिजे," हे वाक्य तेव्हापासून फार ऐकू येतं.

तो पक्का नंबर किती पक्का, हे दोन सलग वर्षांत कळलं. २०२४च्या हजमध्ये भयंकर उन्हात १,३०१ माणसं दगावली. त्यातले ८३ टक्के विनापरवाना आलेले होते, असं सौदी सरकारनंच सांगितलं. हजचा परवाना नसेल तर गारव्याचे तंबू नाहीत, बस नाही; मैलोन्‌मैल चालत राहायचं. अनेक देशांत एजंटांनी साधा भेटीचा व्हिसा हजसाठी म्हणून विकला होता. इजिप्तनं तर १६ कंपन्यांचे परवाने रद्द केले.

२०२५ची गोष्ट आपल्याच देशातली. भारताचा कोटा १,७५,०२५. आदल्या वर्षी त्यातले ३५,००५ खासगी टूरवाल्यांकडे होते. २०२५मध्ये ते वाढवून ५२,५०७ केले. आठशेहून अधिक टूरवाल्यांना २६ गटांत एकत्र बांधलं गेलं. मक्केजवळच्या मीनामधले तंबू, मुक्काम आणि वाहतूक यांचे करार सौदीनं ठरवून दिलेल्या मुदतीत व्हायला हवे होते, ते बहुतेकांचे झाले नाहीत. सौदीनं पोर्टल पुन्हा उघडलं ते फक्त १०,००० जणांपुरतं. कमिटीकडचे १,२२,५१८ मात्र ठरल्याप्रमाणे मार्गी लागले. चूक टूरवाल्यांची, मंत्रालयाची की पैसे पाठवण्याच्या गुंतागुंतीची, यावर वाद झाले. ज्यांनी घरदार सावरून, माफी मागून, सगळ्यांचे निरोप घेऊन ठेवले होते, त्यांच्या पदरात त्या वादातून काही पडलं नाही. कुर्ऱ्याच्या भरवशावर राहिलेले गेले, पक्क्या नंबरवाले घरी राहिले.

याचा अर्थ एजंट म्हणजे लुच्चा, असा मी काढणार नाही. सिंगापूरचा व्हिसा इथून अधिकृत एजंटामार्फतच मागावा लागतो. तिथं थेटचा हट्ट धरून उपयोग नाही. उमऱ्याचंही बराच काळ तसंच होतं. ऑगस्ट २०२५मध्ये सौदीनं 'नुसुक उमरा' काढून मध्यस्थाशिवायची वाट खुली केली. अमेरिकेचं उलटं. तिथं मुलाखत तुमचीच, उत्तरं तुमचीच. एजंट फॉर्म भरून देतो, खिडकीपाशी येत नाही. कुठलाही एजंट व्हिसाची हमी देऊ शकत नाही, आणि देतो म्हणाला तर तिथंच उठावं.

हजसाठी माझं मत स्पष्ट आहे. आधी कमिटीत अर्ज करा. वय फार झालं असेल, सोबत कुणी नसेल, तरच टूरचा विचार. दोन्हीकडे मोबाईल नंबर आणि ईमेल स्वतःचा किंवा घरच्या पोराचा द्या, दुकानदाराचा नको. पैसे खात्यावर भरा, पावती घ्या. आणि टूरवाल्याचं नाव अल्पसंख्याक मंत्रालयाच्या त्याच वर्षीच्या यादीत आहे का, ते स्वतः पाहा. कोटा दर वर्षी नव्यानं वाटला जातो. गेल्या वर्षीचं प्रमाणपत्र दाखवून कुणी ॲडव्हान्स मागत असेल तर देऊ नका.