कोकणचा समुद्र (लेखांक ६) : डॉल्फिन, काठावरून आणि होडीतून

कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यालगत सर्वाधिक दिसणारा डॉल्फिन म्हणजे हिंदी महासागरी हम्पबॅक डॉल्फिन. पूर्ण वाढ झालेला प्राणी साधारण अडीच मीटर लांब आणि गडद राखाडी असतो. त्याच्या पाठीवर लांबट कुबड असते व त्या कुबडावर छोटा पर. हा डॉल्फिन उथळ पाणी सहसा सोडत नाही. पंचवीस-तीस मीटरपेक्षा कमी खोलीच्या पट्ट्यातच त्याचे जगणे चालते. खाडीची मुखे, बंदरे, मासेमारीची जाळी आणि पर्यटकांच्या होड्या यांचाही पट्टा हाच. म्हणून तो सहज दिसतो आणि म्हणूनच धोक्यातही आहे. २०१७ साली जागतिक लाल यादीत त्याची नोंद 'संकटग्रस्त' अशी झाली. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीने त्याला संरक्षण दिले आहे.

काठावरून डॉल्फिन पाहणे होडीपेक्षा कमी लेखले जाते, ते योग्य नाही. काठावरच्या माणसामुळे प्राण्याचे काहीही बिघडत नाही, त्यामुळे त्याचे नेहमीचे वागणे इथूनच नीट कळते. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तो भाग, दापोलीजवळचे हर्णै आणि मुरूड, गोव्यातील आग्वादचा परिसर या त्यासाठी चांगल्या जागा. वाळूत उभे राहण्यापेक्षा कडा किंवा किल्ल्याचा तट बरा, कारण उंचीवरून पाण्याचा मोठा विस्तार नजरेत येतो. वेळ सकाळची निवडावी. पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा ऊन पाठीशी असते, पाणी डोळ्यांवर चमकत नाही आणि दुपारचा खारा वारा सुटेपर्यंत समुद्र बराच शांत राहतो. आठपट मोठे दाखवणारी दुर्बीण पुरते. त्याहून जास्त शक्तीच्या दुर्बिणीत हाताचा कंप जाणवू लागतो.

नजर एका जागी खिळवू नये, सावकाश फिरवत राहावे. सुरय किंवा कुरव एकाच ठिकाणी पाण्यावर झेपावत असतील, तर खाली माशांचा थवा असण्याचा संभव मोठा, आणि बोय किंवा तारलीच्या मागे डॉल्फिनही तिथे येतात. श्वासासाठी वर येताना आधी लांब चोच तिरकी बाहेर पडते, मग कपाळ, मग पाठीची कमान आणि तिच्यावरचे कुबड. खोल बुडी मारायची असेल तर शेवटी शेपटीही वर येते. ही शेपटी आडवी असते आणि वर-खाली हलते. माशाची उभी असते आणि डावी-उजवीकडे. लागोपाठ काही श्वास घेऊन प्राणी काही मिनिटे दिसेनासा होतो. नवखा माणूस नेमका याच वेळी कंटाळून उठतो.

होडीतून पाहताना सगळा प्रश्न इंजिनाचा आहे. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जातो आणि गढूळ पाण्यात डॉल्फिन स्वतःच्या आवाजाच्या प्रतिध्वनीवरूनच मासा शोधतो. पंख्याच्या घरघरीत हे ऐकणे अवघड होते. म्हणून कळपाच्या समोरून किंवा मागून जाऊ नये. बाजूने, त्याच दिशेने, हळू वेगात आणि किमान पन्नास मीटर अंतर राखून चालावे. डॉल्फिन आपणहून जवळ आले तर इंजिन न्यूट्रलवर ठेवावे. एका कळपाभोवती दोनहून अधिक होड्या नकोत, आणि पंधरा-वीस मिनिटांत निघावे. आई आणि पिल्लू यांच्या मध्ये होडी घालणे तर सर्वात वाईट. बुड्या लांबल्या, दिशा एकाएकी बदलली किंवा कळप दाटीने एकत्र झाला, की त्यांना त्रास होतो आहे हे ओळखून मागे फिरावे. पाठलागाचा दोष नेहमी होडीवाल्यावर टाकला जातो. पण 'डॉल्फिन दिसलाच पाहिजे' हा हट्ट प्रवाशांचा असतो, आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या धास्तीने तो वेग वाढवतो. निघण्याआधीच 'दिसले नाहीत तरी चालेल, मागे लागू नका' असे सांगितले, तर त्याचेही काम हलके होते.

पावसाळ्यात पर्यटनाच्या होड्या बंद असतात. हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. या काळात छायाचित्रे घेतली, तर उडीपेक्षा पाठीवरच्या पराचे, एका बाजूने घेतलेले स्पष्ट चित्र अधिक मोलाचे. पराच्या कडेवरच्या खाचा आणि व्रण प्रत्येक प्राण्यात वेगळे असतात, आणि त्यांवरूनच अभ्यासक एकेक डॉल्फिन ओळखून वर्षानुवर्षे त्याची नोंद ठेवतात.