चुकून विचारलेला प्रश्न
(न बोललेली दुखणी : लेखांक ७)

मागच्या आठवड्यात ओटीपोटाच्या जुनाट दुखण्याबद्दल लिहिलं होतं. आज जरा लांब जाऊ, सॅन डिएगोला.

१९८०च्या दशकात तिथे डॉ. व्हिन्सेंट फेलिटी वजन कमी करण्याचे उपचार करत. कोडं असं, की ज्यांचं वजन चांगलं उतरत होतं, तीच माणसं मध्येच यायची बंद होत. म्हणून ते एकेकाला बसवून प्रश्न विचारू लागले. एका बाईला ‘पहिला शरीरसंबंध आला तेव्हा वय किती होतं?’ असं विचारायचं होतं. तोंडून निघून गेलं, ‘वजन किती होतं?’ ती म्हणाली, चाळीस पौंड. म्हणजे जेमतेम अठरा किलो. डॉक्टरांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पुन्हा विचारलं. उत्तर तेच, आणि मग रडत रडत पुढचं : ते वडील होते.

पुढे रॉबर्ट अँडा यांच्या साथीने १७ हजारांवर माणसांचा अभ्यास झाला. १९९८च्या पहिल्या निबंधात दिसलं ते असं : मारहाण, लैंगिक अत्याचार, घरातलं व्यसन, आईला होणारी मारझोड यांसारखे चार किंवा अधिक आघात लहानपणी सोसलेल्यांत लैंगिक संसर्गाचे आजार सुमारे अडीचपट होते. २००१मध्ये फक्त स्त्रियांचा हिशेब मांडला. आघात जितके जास्त, तितकं पंधराव्या वर्षापर्यंत संबंध आल्याचं प्रमाण वाढत गेलेलं.

असं काही वाचलं की आपल्याकडे ‘वळण’ हा शब्द लगेच ओठांवर येतो. मला त्याची चीड आहे. जिचा नकार सहाव्या वर्षी कुणी ऐकला नाही, तिला सव्विसाव्या वर्षी ‘कंडोम वापर’ म्हणताना आवाज फुटेलच असं नाही. काहीजणी त्या क्षणी शरीरातून जणू उठून बाजूला जातात. लहानपणी तोच एक बचाव होता. काहींना दारूने बधिर व्हावंसं वाटतं. काहींच्या वाट्याला मारणारा जोडीदार येतो. यातलं सगळं प्रत्येकीला होतं असं मुळीच नाही. धोका वाढतो, इतकंच.

आणि तपासणी? पडद्यामागचं ते उंच टेबल, गुडघे दुमडलेले, वर कुणीतरी म्हणतंय, ‘अंग सैल सोडा हो, काही होत नाही.’ हेच वाक्य तिने पूर्वी ऐकलेलं असू शकतं. म्हणून ती पॅप तपासणी टाळते, पांढरं जात असलं तरी अंगावर काढते. गर्भाशयमुखाचा कर्करोग वेळेत सापडण्याची संधी इथेच निसटते.

ओपीडीत ‘लग्न झालंय का? पाळी कधी आली?’ हे ठरलेले प्रश्न. त्यांच्या जोडीला, सासू किंवा नवऱ्याला बाहेर बसवून, एवढं विचारता येतं : ‘तपासणीची भीती वाटते का? थांबा म्हणालात की मी लगेच थांबेन.’ आणि ती ‘थांबा’ म्हणाली, की हात खरोखरच मागे घ्यायचा.

(पुढील लेखांकात : २०१२चा पोक्सो कायदा आणि मोठेपणी केलेली तक्रार)