अंगठ्याची राखण
(सायबर साक्षरता : लेखांक 6)

गेल्या आठवड्यात आपण ओटीपी कसा काढून घेतला जातो ते पाहिलं. पण जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर कितीतरी जाणत्या माणसांचा ओटीपीशी संबंधच येत नाही. त्यांचे पैसे निघतात अंगठ्यावर. म्हणून आज अंगठ्याविषयी.

विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर 2022 मध्ये पदवी आणि पदव्युत्तर वर्गांसाठी सायबर सुरक्षेचा अभ्यासक्रम आणला. त्याची गरज होतीच. मात्र या दोन तालुक्यांतल्या महाविद्यालयांत शिकवताना सुरुवात फायरवॉलपासून करू नये, अंगठ्यापासून करावी. इथे वर्गात बसलेली मुलगी अनेकदा घरातली कॉलेजात पोचलेली पहिलीच. रोजगार हमीची मजुरी जमा झाली का, आईचं आधार कुठल्या खात्याला जोडलंय, हे सगळं घर तिलाच विचारतं. तिला नीट समजलं, की पाड्याला समजतं.

आधी तिला व्यवहार कळू द्या. आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि बोटाचा ठसा, एवढ्यावर गावातला बँक मित्र खात्यातून पैसे काढून देतो. कार्ड नको, पिन नको. एका वेळी 10 हजार रुपयांपर्यंत. शाखा लांब असलेल्या गावाला ही मोठीच सोय. पण चोरीची फटही तिथेच आहे. आजी मशीनवर अंगठा ठेवते. समोरचा म्हणतो, "सर्व्हर डाऊन आहे, परत ठेवा." ती परत ठेवते. दोन ठशांना दोनदा पैसे निघतात आणि तिच्या हातावर पडतात एकदाचेच. मजूर दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेला असला, तर पासबुक भरायला महिने उलटतात आणि तोवर चोरी लक्षातच येत नाही. इतर राज्यांत तर जमिनीच्या दस्तांवरचे ठसे उचलून सिलिकॉनचे नकली अंगठे बनवल्याचं पोलिसांना आढळलं आहे.

म्हणून वर्गात तीन गोष्टी करून दाखवाव्यात. एक, प्रत्येक ठशाची पावती मागायची; व्यवहार फसला असेल, तर फसल्याचीसुद्धा. दोन, महिन्यातून एकदा पासबुक भरून आणायचं. तीन, एम-आधार अॅपमध्ये बायोमेट्रिक लॉक लावायचं. हे लॉक लावलं, की आधारवर ठसा चालत नाही. रेशन दुकानात अंगठा द्यायचा असेल त्या दिवशी तेवढ्यापुरतं ते उघडावं लागतं. हे आईला आधीच सांगा, नाहीतर ती धान्याविना परत येईल.

या मुलखाला अंगठ्याची किंमत ठाऊक आहे. वाचता न येणाऱ्या कागदावर सावकाराने घेतलेल्या अंगठ्यांनी इथल्या पिढ्या वेठीला बांधल्या. 1945 मध्ये झरीच्या परिषदेत वारल्यांनी वेठ नाकारली, तेव्हा किसान सभेच्या गोदावरी परुळेकर त्यांच्यासोबत होत्या. कागदाच्या जागी आता मशीन आलं आहे. समजल्याशिवाय अंगठा द्यायचा नाही, हा धडा तोच आहे.

जव्हार-मोखाड्यातल्या विद्यार्थ्यांनो, या रविवारी घरच्यांची पासबुकं घेऊन बसा. न काढलेली रक्कम गेलेली दिसली, तर थांबू नका. लगेच 1930 या सायबर मदत क्रमांकावर फोन करा आणि बँकेत लेखी तक्रार देऊन पोच घ्या. तक्रार जितकी लवकर, तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.