पहिली शाळा, पहिला सप्टेंबर

सप्टेंबर महिना आला की आपल्या मंडळातल्या चार-दोन घरांत तरी एक वेगळीच गडबड असते. एका कोपऱ्यात गणपतीची आरास, तर दुसऱ्या कोपऱ्यात नवा करडा गणवेश, नावाच्या चिठ्ठ्या आणि काळे बूट. घरातले चार वर्षांचे पोर रिसेप्शनच्या वर्गात निघालेले असते. गावाकडे असतो तर आजी, काकू, शेजारच्या वहिनी मदतीला धावल्या असत्या. इथे आई-बाबा दोघेच आणि दोघांच्याही नोकऱ्या. त्यामुळे तयारी थोडी आधी आणि थोडी विचाराने करावी लागते.

आमच्या थोरल्याच्या वेळी आपली तयारी उत्तम झाली आहे, अशी आमची खात्री होती. ए ते झेड तोंडपाठ, शंभरपर्यंत आकडे, स्वतःचे नाव मोठ्या अक्षरांत सुबक लिहिता येत होते. पहिल्या आठवड्यात तो रोज घरी आला की दप्तर टाकून थेट बाथरूमकडे पळायचा. चौथ्या दिवशी पोट दुखायला लागले, तेव्हा उलगडा झाला. दिवसभर तो शाळेत लघवीला जातच नव्हता आणि जावे लागू नये म्हणून पाणीही पीत नव्हता. "तिथे मग नाहीये," एवढेच त्याचे म्हणणे. घरी पाण्याची सवय, शाळेत नुसता कागद. आणि ही अडचण बाईंना इंग्रजीत कशी सांगायची, हे त्याला कोणी शिकवलेच नव्हते. दोष शाळेचा नव्हता, आमचा होता. आम्ही त्याला शंभर आकडे शिकवले, पण "मला बाथरूमला जायचे आहे" हे एक वाक्य शिकवले नाही.

त्या अनुभवातून आणि धाकटीच्या वेळी जमलेल्या माहितीतून हा लेख लिहीत आहे.

वय आणि अर्ज

इंग्लंडमध्ये ३१ ऑगस्टपर्यंत चार वर्षे पूर्ण झालेले मूल त्याच सप्टेंबरमध्ये रिसेप्शनला जाऊ शकते. अर्ज आपण राहतो त्या कौन्सिलकडे करायचा. शेवटची तारीख १५ जानेवारी आणि निकाल १६ एप्रिलच्या सुमारास. एकाच शाळेचे नाव लिहून मोकळे होऊ नका. देता येतील तेवढ्या शाळांची नावे पसंतीक्रमाने द्या, कारण एकच नाव लिहिल्याने त्या शाळेत जागा मिळण्याची शक्यता वाढत नाही. स्कॉटलंडमध्ये शाळा ऑगस्टमध्ये सुरू होते आणि वयाचे नियम वेगळे आहेत. उत्तर आयर्लंडचेही वेगळे आहेत. तिथल्या वाचकांनी स्थानिक कार्यालयाकडे चौकशी करावी.

कायद्याने शाळा सक्तीची होते ती पाच वर्षे पूर्ण झाल्यानंतरच्या टर्मपासून. तोपर्यंत मुलाला अर्धा दिवस पाठवण्याचा किंवा त्याच शालेय वर्षात थोडे उशिरा सुरू करण्याचा हक्क पालकांना आहे. १ एप्रिल ते ३१ ऑगस्ट या काळात जन्मलेली मुले वर्गात सर्वांत लहान असतात. त्यांना पूर्ण एक वर्ष थांबवता येते. मात्र वर्षभराने रिसेप्शनमध्येच घ्यावे, पहिलीत नको, अशी विनंती आधी करावी लागते आणि ती मान्य करायची की नाही हे प्रवेश देणारी संस्था ठरवते. मूल अगदीच लहान वाटत असेल तर त्याच्या पाळणाघरातल्या बाईंशी बोलून हा निर्णय जानेवारीच्या आत घ्यावा.

काय शिकवावे, काय नको

लिहिणे-वाचणे शाळा शिकवणारच आहे. आपण शिकवायच्या गोष्टी साध्या आहेत: स्वतः शौचाला जाणे, कागदाने पुसणे, फ्लश ओढणे, साबणाने हात धुणे. घरी पाणी वापरत असलात तरी उन्हाळ्याच्या सुट्टीत कागदाची सवय लावा. कोट घालणे आणि काढणे, पीईच्या तासासाठी कपडे बदलणे, स्वतःची पाण्याची बाटली उघडणे. लेसचे बूट घेऊ नका, वेल्क्रोचे घ्या आणि पायाच्या मापाचेच घ्या. "वाढत्या अंगाचे" म्हणून एक माप मोठे घेतले तर मूल मैदानावर अडखळते. काट्या-चमच्याने जेवणे शिकवा. आपली मुले हाताने छान जेवतात, पण शाळेच्या टेबलावर सुरी-काटा समोर आला की काही जण उपाशी उठतात.

अक्षरे शिकवायचीच असतील तर लहान लिपीतली शिकवा आणि नावांऐवजी ध्वनी शिकवा. इथल्या शाळा फोनिक्स पद्धतीने शिकवतात आणि पहिल्या इयत्तेच्या शेवटी त्याची छोटी तपासणीही होते. "सी-ए-टी" म्हणून "कॅट" होत नाही, पण "क्-ॲ-ट्" म्हटले की होते. मराठी माणसाला हे सोपे जावे. आपली बाराखडी ध्वनींवरच तर उभी आहे.

रिसेप्शनच्या पहिल्या सहा आठवड्यांत बाई मुलाशी गप्पा मारत, वस्तू हाताळायला देत एक बेसलाइन चाचणी घेतात. सप्टेंबर २०२१ पासून ती सर्व सरकारी शाळांत सक्तीची आहे. तिच्यात पास-नापास नाही. घरी तिचा अभ्यास घेऊ नका.

घरात मराठीच बोला

"इंग्रजी कच्चे राहील म्हणून आम्ही घरी मराठी बंद केले," असे सांगणारे पालक दर वर्षी भेटतात. त्यांनी घाई करू नये. घरची भाषा शाळेच्या दारात सोडून यावी अशी अपेक्षा कोणत्याही मुलाकडून करू नये, हे इथल्या सरकारने नेमलेल्या बुलक समितीने १९७५ मध्येच आपल्या अहवालात म्हटले होते. ज्या मुलाला मराठीत गोष्ट सांगता येते, कारण विचारता येते, "आधी-नंतर", "वर-खाली" कळते, त्याला त्याच कल्पनांचे इंग्रजी शब्द शिकायला फार वेळ लागत नाही. कल्पनाच नसेल तर शब्द कशाला चिकटणार? मोडक्या इंग्रजीपेक्षा भरघोस मराठी मुलाच्या जास्त उपयोगी पडते.

सुरुवातीला काही मुले वर्गात कित्येक आठवडे गप्प राहतात. ती ऐकून साठवत असतात. अशा वेळी घाबरू नये, पण बाईंशी बोलत राहावे. मात्र मूल मराठीतही बोलत नसेल किंवा हाक मारली तरी वळत नसेल तर भाषांवर खापर न फोडता जी.पी.कडे जाऊन कान तपासून घ्यावेत.

अडीअडचणीची पाच-सहा इंग्रजी वाक्ये मात्र पाठ हवीत: बाथरूमला जायचे आहे, पाणी हवे आहे, मला बरे वाटत नाही, मला हे नको, मला मदत करा, थांब, मला आवडत नाही. आणि मुलाच्या नावाचा नीट उच्चार बाईंना पहिल्याच भेटीत शिकवा. संकोच करू नका. बहुतेक बाईंना तो मनापासून हवा असतो.

डबा की शाळेचे जेवण?

इंग्लंडमधल्या सरकारी शाळांत सप्टेंबर २०१४ पासून रिसेप्शन, पहिली आणि दुसरीच्या सर्व मुलांना दुपारचे जेवण मोफत आहे. पालकांचे उत्पन्न किंवा व्हिसा त्यात आड येत नाही. लंडनमध्ये सप्टेंबर २०२३ पासून ही सोय प्राथमिकच्या सर्व वर्गांना आहे, वेल्समध्येही सर्व प्राथमिक मुलांना मिळते. शाकाहारी पर्याय असतो. आपले मूल काय खात नाही, हे लेखी कळवा. "गोमांस नको" आणि "पूर्ण शाकाहारी" या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, त्या वेगळ्याच लिहा. जेली आणि मार्शमॅलोमध्ये बहुधा जिलेटिन असते आणि वाढदिवसाच्या खाऊत तेच वाटले जाते. चालत नसेल तर तेही सांगावे.

डबा देणार असाल तर एक सावधगिरी. बऱ्याच शाळांत दाणे आणि सुकामेवा चालत नाही. शेंगदाण्याची चटणी, दाण्याचे कूट घातलेली खिचडी, बदामाची वडी हे घरीच ठेवावे. तूप-साखर पोळीचा रोल, थालीपीठ, इडली, काकडी चालते. द्राक्षे उभी चिरून द्यावीत, म्हणजे घशात अडकत नाहीत.

प्रकृती

मुलाचे लाल पुस्तक काढून लशी तपासा. घटसर्प, धनुर्वात, डांग्या खोकला आणि पोलिओ यांचा शाळापूर्व डोस तीन वर्षे चार महिन्यांचा झाल्यावर मिळतो. गोवराच्या लशीचे दोन डोस शाळेआधी झालेले हवेत. काही लशी भारतात टोचल्या असतील तर तिथला कागद जी.पी.च्या नर्सला दाखवून नोंद करून घ्या.

शरद ऋतूत शाळेतच फ्लूची लस नाकात फवारून देतात. तिच्यात डुकरापासून केलेले जिलेटिन असते. ज्यांना ते चालत नाही त्यांना इंजेक्शनची लस मागता येते. "चालत नाही" म्हणून लसच टाळू नये.

आपल्या वर्णाच्या लोकांना इथल्या उन्हातून पुरेसे व्हिटॅमिन डी मिळत नाही. एक ते चार वर्षांच्या मुलांना रोज १० मायक्रोग्रॅम द्यावे असा एनएचएसचा सल्ला आहे, आणि आपल्यासारख्यांनी पुढेही वर्षभर घेण्याचा विचार करावा असे सांगितले जाते. दात आणि डोळे तपासणे मुलांना एनएचएसवर मोफत आहे. फळा दिसत नाही हे चार वर्षांचे मूल सांगत नाही, आपणच बघावे लागते.

पहिल्या टर्ममध्ये सर्दी-खोकला ठरलेलाच. किरकोळ सर्दीत शाळेत पाठवायला हरकत नाही. उलटी-जुलाब झाले तर थांबल्यापासून ४८ तास घरी ठेवावे, कांजिण्या आल्या तर सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत. या वयाला साधारण १० ते १३ तासांची झोप लागते. आपल्याकडे उशिरा जेवून उशिरा झोपायची पद्धत आहे. ती ऑगस्टपासूनच रोज पंधरा मिनिटांनी मागे आणावी.

खर्च आणि सवलती

व्हिसावर आलेल्या कुटुंबांच्या मुलांनाही सरकारी शाळा मोफत आहे. तीन-चार वर्षांच्या मुलांना वर्षातले ३८ आठवडे मिळणारे १५ तासांचे मोफत पाळणाघरही इंग्लंडमध्ये सर्वांना आहे. खाजगी शाळेचा विचार करणाऱ्यांनी १ जानेवारी २०२५ पासून फीवर २० टक्के व्हॅट लागतो हे हिशेबात धरावे.

खरा खर्च येतो तो शाळा सुटल्यानंतरच्या क्लबचा आणि सुट्ट्यांचा. टॅक्स-फ्री चाइल्डकेअरच्या खात्यात आपण ८ पौंड भरले की सरकार २ घालते, एका मुलामागे वर्षाला २,००० पौंडांपर्यंत. नोंदणी असलेला आफ्टर-स्कूल क्लबही यात बसतो. त्यासाठी दोघेही नोकरी-व्यवसायात हवेत, दोघांपैकी कोणाचेही वार्षिक उत्पन्न १,००,००० पौंडांपेक्षा जास्त नको, आणि दोघांपैकी निदान एकाला सार्वजनिक निधीचा हक्क हवा.

चाइल्ड बेनिफिट मात्र सार्वजनिक निधीत मोडतो. व्हिसावर तशी मनाई लिहिली असेल तर अर्ज करण्याआधी सल्ला घ्या. कायम वास्तव्य मिळालेल्यांनी अर्ज जरूर करावा. दोघांपैकी ज्याचे उत्पन्न जास्त, ते ६०,००० पौंडांच्या पुढे गेले की हा भत्ता थोडा थोडा परत करावा लागतो आणि ८०,००० ला पूर्ण जातो. तरीही पैसे न घेता नुसता अर्ज केला, तर घरी राहणाऱ्या आईला मूल १२ वर्षांचे होईपर्यंत नॅशनल इन्शुरन्सची वर्षे जमा होतात. म्हातारपणच्या पेन्शनला ती उपयोगी पडतात. आपल्या कित्येक भगिनींनी ही वर्षे केवळ माहिती नसल्याने गमावली.

गणवेश साध्या दुकानातून घ्या, शाळेच्या चिन्हाचा एखादाच. जुने कपडे शाळेतच स्वस्तात मिळतात, त्यात कमीपणा नाही. थोरल्याचा स्वेटर धाकट्याला ही आपलीच रीत आहे.

भारताची वारी

मूल सक्तीच्या वयाचे झाल्यावर टर्म चालू असताना लग्नासाठी पाच दिवस किंवा जास्त विनापरवाना नेले तर इंग्लंडमध्ये दंड होऊ शकतो. ऑगस्ट २०२४ पासून तो प्रत्येक पालकाला, प्रत्येक मुलामागे ८० पौंड आहे. २१ दिवसांत भरला नाही तर १६०. दिवाळीच्या दिवसाची सुट्टी मात्र आधी लेखी मागून घ्यावी.

पहिले पंधरा दिवस

अनेक शाळा सुरुवातीला अर्धाच दिवस ठेवतात. जुलैतच वेळापत्रक विचारून आई-बाबांनी रजा वाटून घ्याव्यात. एप्रिल २०२४ पासून नोकरीच्या पहिल्या दिवसापासून कामाच्या वेळा बदलून मागण्याचा हक्क आहे. बाबांनीही तो वापरावा. आजी-आजोबा आलेले असतील तर त्यांच्या परतीचे तिकीट शाळेच्या पहिल्या आठवड्यातले काढू नका. एकाच वेळी घर बदलल्यासारखे वाटून मूल कोसळते. ते मुलाला घ्यायला जाणार असतील तर शाळेत नाव आधी कळवा.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला काम सुरू केले. मुले बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, आणि त्यातून अंगणवाडी जन्मली. मूल शाळेत जाण्याआधी शाळेने मुलाच्या ओळखीचे व्हायला हवे, हेच त्यांनी दाखवले. आपणही ते करू शकतो. सुट्टीत शाळेच्या रस्त्याने दोन-चार वेळा चालत जा. घरात शाळा-शाळा खेळा. बाई तुम्ही व्हा, मग त्याला होऊ द्या.

दारात रडले तर एकदाच जवळ घ्या, "साडेतीनला मी येणार" असे सांगा आणि निघा. गुपचूप पळून जाऊ नका. आणि सांगितलेल्या वेळी नक्की हजर राहा. संध्याकाळी "आज काय शिकलास?" असे विचारले की "काही नाही" हेच उत्तर मिळते. त्याऐवजी "डब्यात काय उरले?", "कोणाशेजारी बसलास?", "बाथरूमला गेला होतास ना?" असे विचारा. आमचा थोरला दुसऱ्या आठवड्यात जाऊ लागला तो त्याच प्रश्नाने.

दसऱ्याला पाटीवर एकाची सरस्वती काढून तिची पूजा करायची आपली पद्धत आहे. शाळेला महिना होतो न होतो तोच हा सण येतो. या वर्षी पाटीशेजारी मुलाचे वाचनाचे पुस्तकही ठेवा. दोन्ही शाळा एकाच घरातल्या आहेत, हे त्याला आपोआप समजेल.

या सप्टेंबरला निघालेल्या आपल्या सर्व बाळगोपाळांना, आणि त्यांच्यापेक्षा जास्त धडधडणाऱ्या त्यांच्या आई-बाबांना, मनापासून शुभेच्छा!